कुत्र्याचा काय दोष?

माझ्या मेव्हण्याला सिनेमा कळतो. हे माझं मत नव्हे. आमच्या घरात ते पंचांगातल्या एकादशीसारखं आहे. त्यावर मत द्यायचं नसतं, ते फक्त पाळायचं असतं. मला सिनेमा नुसता दिसतो. "भाऊजी, तुम्ही सिनेमा बघता, पण पाहत नाही," असं तो मला आमच्या लग्नात, सप्तपदी आटोपून मी जरा पाय मोकळे करत होतो तेव्हाच म्हणाला होता. बघणं आणि पाहणं यांतला फरक मला अजून उमगलेला नाही. पण बी. कॉम. झालेल्या माणसाने असल्या बाबतीत बी. ए. झालेल्याशी वाद घालू नये, आणि बायकोच्या भावाशी तर कोणत्याच बाबतीत घालू नये, एवढं व्यवहारज्ञान वीस वर्षं बँकेत काढल्यावर माझ्याकडे जमा आहे.

आज मात्र मी वाद घालणार आहे. कारण प्रश्न माझ्या धंद्याचा आहे.

झालं असं, की मेव्हण्याच्या फिल्म सोसायटीने मागच्या पावसाळ्यात 'द किलिंग' नावाचा सिनेमा दाखवला. १९५६ सालचा, अमेरिकेतला, काळा-पांढरा. दिग्दर्शक स्टॅन्ले कुब्रिक. मेव्हण्याने आमच्याकडे फोन केला, "ताई, शनिवारी भाऊजींना घेऊन ये. रोकड लुटण्याचा सिनेमा आहे. त्यांच्याच खात्यातला!" खात्यातला म्हटल्यावर मला जाणं भाग होतं. शिवाय तिकीट नव्हतं.

सिनेमा जेमतेम दीड तासाचा निघाला. ती उणीव पुढच्या चर्चेने भरून काढली. खादीचा झब्बा घातलेले एक अभ्यासक उठले आणि डोळे मिटून बोलू लागले. त्यांच्या म्हणण्याचा गोषवारा असा, की हा सिनेमा म्हणजे नियतीचा क्रूर विनोद आहे. माणूस कितीही काटेकोर योजना आखो, शेवटी एक क्षुद्र कुत्रं आडवं येतं आणि सगळं वाऱ्यावर उडून जातं. 'नियती' हा शब्द त्यांनी अकरा वेळा उच्चारला. मोजायची सवय आहे, म्हणून सांगतो.

मी हात वर केला. असल्या सभेत मी पहिल्यांदाच हात वर करत होतो. मी म्हणालो, "साहेब, नियती वगैरे ठीक आहे. पण त्या बॅगेची कडी लागत नव्हती."

सभागृह हसलं. अभ्यासकही हसले, मोठ्या मनाने. मेव्हण्याने मान खाली घातली. त्या दिवशी मला पुढे बोलता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी हकिगत सांगतो. (शेवटही सांगणार आहे. सिनेमाला सत्तर वर्षं होत आली. एवढ्या मुदतीनंतर रहस्य ठेवीसारखं जपून ठेवता येत नाही.)

जॉनी क्ले नावाचा गृहस्थ पाच वर्षं तुरुंगात काढून बाहेर येतो. हे काम स्टर्लिंग हेडनने केलंय. उंचापुरा, आणि बोलतो असं की जणू तारेचे पैसे शब्दागणिक मोजतोय. लॅन्सडाउन नावाच्या रेसकोर्सवर शर्यतीच्या दिवशी जमणारी वीस लाख डॉलरची रोकड लुटायची, असा त्याचा बेत. जोडीला तो जी माणसं घेतो ती बघा. कर्जात बुडालेला एक पोलीस. रेसकोर्सच्या बारमधला एक नोकर, ज्याची बायको अंथरुणाला खिळलेली आहे. सुरुवातीच्या खर्चाला पैसे देणारा एक वयस्कर स्नेही. आणि जॉर्ज पीटी. हा रेसकोर्सच्या खिडकीवर बसून पैसे घेतो आणि देतो. म्हणजे कॅशियर! एकटा जॉनी सोडला तर यांच्यात सराईत चोर कोणी नाही. सगळी पगारावर जगणारी, महिनाअखेरीला खिसा चाचपणारी माणसं. मला तर आमच्याच शाखेचा स्टाफ बसलाय असं वाटलं.

बेत मात्र नामी आहे. सातव्या शर्यतीत पुढे धावणारा 'रेड लाइटनिंग' हा घोडा निकी नावाचा एक नेमबाज बाहेरून बंदुकीने टिपणार. त्याच वेळी बारपाशी मॉरिस नावाचा एक आडदांड पैलवान भांडण उकरून काढणार, म्हणजे सगळे पहारेकरी तिकडे धावतील. (मॉरिसचं काम करणारा कोला क्वारियानी प्रत्यक्षातही कुस्तीगीर होता आणि बुद्धिबळ खेळणारा होता, दिग्दर्शकाची आणि त्याची ओळख पटावरची.) मग आपला जॉर्ज आतलं दार उघडून देणार, जॉनी विदूषकाचा रबरी मुखवटा चढवून आत शिरणार, रोकड पोत्यासारख्या पिशवीत भरून खिडकीतून खाली फेकणार आणि खाली उभा असलेला पोलीस ती उचलून नेणार. कोण कुठे, किती वाजता, हे सगळं मिनिटाबरहुकूम. एक निवेदक मधून मधून वेळ सांगत राहतो, रेल्वेच्या सूचनांसारखी, पण समजेल अशा आवाजात.

आणि लूट यशस्वी होते, हे लक्षात घ्या. गडबड पुढे होते.

निकी मारला जातो. जॉर्जच्या बायकोचा प्रियकर बंदूक घेऊन येतो आणि बंद खोलीत गोळीबार होऊन जवळजवळ सगळे संपतात. जॉर्ज रक्तबंबाळ होऊन घरी पोचतो, बायकोला गोळी घालतो आणि कोसळतो. उरतो एकटा जॉनी, रोकडीसकट. तो दुकानातून एक वापरलेली, थोरली बॅग विकत घेतो, तिच्यात नोटा कोंबतो. कडी काही धड लागत नाही. ("अगदी आपल्या माळ्यावरच्या बॅगेसारखी आहे हो," ही माझ्या कानात म्हणाली.) विमानतळावर काउंटरवरचे लोक सांगतात, एवढी मोठी बॅग आत नेता येणार नाही, सामानात टाकावी लागेल. हुज्जत घालून शेवटी जॉनी बॅग देतो. मग एका बाईंचं झुपकेदार कुत्रं, नाव सेबॅस्टियन, तिच्या हातातून निसटून धावपट्टीकडे पळतं. सामानाची गाडी चालवणारा त्याला वाचवायला गाडी वळवतो. वरची बॅग खाली पडते, फटकन उघडते, आणि विमानाच्या पंख्यांच्या वाऱ्यात वीस लाख डॉलर नाचत नाचत उडून जातात.

अभ्यासक म्हणाले, नियती. मी म्हणतो, बॅगेची कडी.

आता हा नुसता शब्दांचा फरक नव्हे. मी एकेक व्हाउचर तपासून दाखवतो.

व्हाउचर पहिलं : निकीचा मृत्यू. निकीला गाडी उभी करायला मोक्याची जागा हवी असते. तिथला पहारेकरी कृष्णवर्णीय आहे. पाय अधू असल्याची थाप मारून निकी त्याच्याकडून जागा मिळवतो. पहारेकरी बिचारा सरळ माणूस. आपल्याला कोणी माणसासारखं वागवलं याचंच त्याला अप्रूप. तो पुन्हा पुन्हा येऊन विचारपूस करतो आणि शुभ म्हणून घोड्याची नाल भेट देतो. शर्यत तोंडावर आलेली असते. याला तिथून घालवायचा म्हणून निकी त्याच्या रंगावरून त्याला घाणेरडा शब्द वापरतो. पहारेकऱ्याचा चेहरा उतरतो. तो नाल जमिनीवर टाकून निघून जातो. घोडा टिपून निकी गाडी मागे घेतो तर चाक त्याच नालेवर जातं, टायर फुटतं आणि पळता न आल्यामुळे निकी मारला जातो.

आता यात नियती कुठे आली? नाल तर शुभ होती! नशिबाने बिचाऱ्याने स्वतः चालत येऊन हातात ठेवली होती. ती चाकाखाली गेली ती एका माणसाचा अपमान केला म्हणून. हा योगायोग नव्हे, जमाखर्च आहे. या बाजूला अपमान खर्ची पडला, त्या बाजूला टायर.

व्हाउचर दुसरं : जॉर्ज. आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा आमचा माणूस आहे.

एलिशा कुक (धाकटा) या नटाने हा जॉर्ज असा उभा केलाय की मला आधी वाटलं, हा आमच्याकडे ट्रेनिंगला होता की काय. पडलेले खांदे, ताणलेले डोळे. आणि सगळ्या जगाचे पैसे मोजून झाल्यावर स्वतःच्या हाताकडे बघण्याची ती पद्धत! ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेत त्यालाच ती नजर कळेल. सकाळपासून पाच-सात लाख रुपये या हातातून त्या हातात गेलेले असतात आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी वीसऐवजी पंधराला मागताना त्याच हाताला लाज वाटत नाही.

हा जॉर्ज घरी जातो आणि बायको शेरी त्याला सोलून काढते. मारी विंडसर या नटीने हे काम असं केलंय, की तिच्या प्रत्येक वाक्याला मी खुर्चीत एकेक इंच खाली सरकत होतो. तिच्यासमोर आपली किंमत वाढावी म्हणून जॉर्ज बोलून जातो, की लवकरच घबाड मिळणार आहे. ती ते प्रियकराच्या कानावर घालते. पुढचा रक्तपात तिथून.

टीकाकार म्हणतात, जॉर्ज दुबळा, आणि शेरी कैदाशीण. मी घरी येताना रिक्षात तसंच म्हणालो. तर ही म्हणाली, "लग्नाआधी त्यानेच सांगितलं होतं ना तिला, मी श्रीमंत होणार म्हणून? मग ती विचारणारच. तुम्हीसुद्धा सांगितलं होतं, दोन वर्षांत ऑफिसर होईन म्हणून." मी विषय बदलला आणि रिक्षावाल्याला उगाचच, "डावीकडून घ्या" म्हणालो.

पण माझा मुद्दा निराळा आहे. ही कच्ची कडी जॉनीला ठाऊक होती! बैठक चालू असताना शेरी दाराबाहेर सापडते. म्हणजे बातमी फुटली आहे, कुठून फुटली आहे, हे सगळं लूट होण्याच्या आधीच उघड. मग जॉनी काय करतो? तिला दम देतो, गोडीगुलाबीने समजावतो आणि बेत तसाच पुढे रेटतो. आमच्याकडे तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. त्यांतली एक भलत्याच्या हाती लागली असं कळलं, तर 'बाई समजूतदार दिसतात, ठेवू द्या त्यांच्याकडे' असं कोणी म्हणेल का? जॉनीने म्हटलं. आणि वर दोष कुणाला? कुत्र्याला!

शिवाय आणखी एक गोष्ट. या सगळ्या टोळक्यात नोटा म्हणजे काय चीज असते हे रोज हाताळून कळणारा माणूस एकटा जॉर्ज. त्याला कोणी विचारलं? त्याच्याकडून फक्त दार उघडून घेतलं. विचारलं असतं तर त्याने कागद-पेन्सिल घेऊन सांगितलं असतं, की अमेरिकेची नोट कितीचीही असो, वजनाला साधारण एक ग्रॅम. रेसकोर्सवरची रोकड म्हणजे फुटकळ नोटांची. तरी आपण उदार होऊन सगळ्या वीस-वीस डॉलरच्या धरू. वीस लाखांच्या झाल्या एक लाख नोटा. वजन शंभर किलो! दहा-दहाच्या धरल्या तर दोनशे. हे ओझं खिडकीतून फेकायचं, एका पोलिसाने उचलायचं आणि पुढे जॉनीने एका बॅगेत घालून टॅक्सीतून उतरवायचं! मी एकदा नाण्यांच्या दोन पिशव्या एका दमात उचलल्या होत्या. आठवडाभर वाकून चालत होतो.

आणि त्या नोटा सुट्या! वीस लाख, आणि एक पाकीट बांधलेलं नाही! शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. एके काळी तर आमचे जुने कॅशियर पाकिटाला अशा टाचण्या ठोकत, की त्या काढताना गिऱ्हाइकाचं रक्त निघे. पुढे रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं ते बरंच झालं. पण मी छातीवर हात ठेवून सांगतो, ते टाचलेलं पाकीट विमानाचा पंखा काय, बंगालच्या उपसागरातलं वादळ आलं तरी सुटलं नसतं. कुत्रं आलं असतं, बॅग पडली असती, उघडलीही असती. जॉनीने बंडलं गोळा केली असती, मोजली असती आणि विमानात जाऊन बसला असता. एक कॅशियर टोळीत असून त्याला दोन गोष्टी विचारल्या नाहीत, त्याची किंमत वीस लाख डॉलर.

व्हाउचर तिसरं : ती बॅग. हातात एवढी रक्कम असताना जॉनी वापरलेली बॅग घेतो. आकार बघतो, कडी बघत नाही. कडी लागत नाही हे कळल्यावरही तो ती बदलत नाही, दोरी बांधत नाही. विमानतळावरच्या कारकुनाने आपलं काम केलं. मोठी बॅग आत नाही, म्हणजे नाही. आवाज न चढवता, नियमावर बोट ठेवून. (सबंध सिनेमात नेमून दिलेलं काम धडपणे करणारा बहुधा तो एकटाच, आणि सभागृहात सगळ्यांना राग आला तो त्याचाच. आम्हाला याची सवय आहे.) कुत्र्यानेही कुत्र्याचं काम केलं. गाडीवाल्याने तर एक जीव वाचवला. आपलं काम केलं नाही ते फक्त कडीने, आणि ती बसवून घ्यायची होती जॉनीला.

हे सगळं मी मेव्हण्याला पुढच्या रविवारी, श्रीखंडाच्या जेवणावर ऐकवलं. त्याने शांतपणे हुकमाचं पान टाकलं. "भाऊजी, तुम्हाला इतिहास ठाऊक नाही. हॉलिवुडात तेव्हा प्रॉडक्शन कोड होता. १९३४ पासून त्याची कडक अंमलबजावणी होती, १९६८ साली तो गेला. पडद्यावर गुन्हेगाराला गुन्हा पचता कामा नये, असा नियमच. जॉनीला पैसे मिळूच देता आले नसते. बॅगेला सोन्याची कडी असती तरी!"

मी वाटी खाली ठेवली. म्हणालो, "म्हणजे नियती नव्हे, सर्क्युलर!"

तो गप्प झाला. बँकेतल्या माणसासमोर सर्क्युलरचा विषय काढू नये. वरून सर्क्युलर आलं म्हणजे त्याचं पालन करायचं असतं, हे खरं. पण कसं करायचं त्यात माणूस दिसतो. कुब्रिक तेव्हा सत्तावीस वर्षांचा पोरगा. लायनेल व्हाइटची 'क्लीन ब्रेक' ही कादंबरी हाताशी, संवाद लिहायला जिम थॉम्पसन आणि सगळा खर्च सुमारे ३ लाख २० हजार डॉलर. वीस लाखांची लूट त्याने त्याच्या सहाव्या हिश्श्यात बसवली, यावरून पोरगा हिशेबी होता हे उघड आहे. (गल्ल्यावर सिनेमा चालला नाही तो नाहीच, पण तो पाहून पुढे मोठमोठे लोक शहाणे झाले. १९९२ साली 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' काढणाऱ्या टॅरंटिनोनेही या सिनेमाचं ऋण मानलं आहे.) गुन्हेगाराला हरवायचंच होतं तर त्याला काय तोटा होता? वीज पाडायची, विमान पाडायचं, हृदयविकाराचा झटका द्यायचा. खर्चही वाचला असता. ते न करता त्याने दुकान दाखवलं, जुनी बॅग दाखवली, न लागणारी कडी दाखवली. का? कुत्र्याकडे बघा म्हणून? तो बोट दाखवतोय कडीकडे आणि अभ्यासक बघताहेत आकाशाकडे. भाऊ, कोण बघतंय आणि कोण पाहतंय?

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय जिवाला लावून घ्यायचं? पडद्यावरचे चोर, पडद्यावरचे पैसे. गेले तर गेले.

सांगतो.

बारा वर्षांपूर्वी मी कॅशला बसत होतो. कुठल्या शाखेत ते विचारू नका. माझ्या काउंटरच्या ड्रॉवरची मागची फळी निखळलेली होती आणि कडी बसत नव्हती. 'दुरुस्ती व्हावी' म्हणून मी तीन वेळा लेखी दिलं. तिन्ही अर्जांवर 'पाहिले' असा शेरा आला. खरोखरच पाहिले असणार. पाहण्याबद्दल माझी तक्रार नाही.

एका महिन्याच्या एक तारखेला, पेन्शनरांची रांग दारापर्यंत. संध्याकाळी रोकड जुळवली तर बरोबर दहा हजार कमी. शंभराच्या नोटांचं एक पाकीट. तीनदा मोजलं, मग दुसऱ्याने मोजलं, मग साहेबांनी मोजलं. साडेआठ वाजता साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नशीब तुमचं. काय करणार!" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तूट त्याच दिवशी भरायची असते. हिच्या भिशीचे पैसे नुकतेच आले होते, ते भरले. नशीब माझं आणि पैसे हिचे, अशी ती विभागणी झाली.

पैशांचं काही नाही. पुढचे चार महिने मात्र विसरता येत नाहीत. कोणी काही बोललं नाही. पण मी दिलेल्या नोटा शेजारचा मित्र दोनदा मोजून घेऊ लागला. चहाला जाताना मी उठलो की कोणीतरी सहज माझ्या टेबलाकडे बघे. जॉर्ज पीटीचे ते ताणलेले डोळे त्या चार महिन्यांत रोज सकाळी दाढी करताना मला आरशात दिसत होते. फक्त तेव्हा मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी शाखेचं फर्निचर बदललं. सुताराने ड्रॉवर ओढून काढला तर मागच्या पोकळीत, फळीच्या आड, पाकीट उभं. धूळ बसलेलं, पण शंभरच्या शंभर नोटा शाबूत. आधी ते पैसे सस्पेन्स अकाउंटला जमा झाले (सिनेमावाल्यांनी सस्पेन्स शिकायचा तर आमच्याकडे यावं) आणि बऱ्याच सह्या झाल्यावर मला परत मिळाले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "नशीबवान आहात बुवा!"

हरवले तेव्हा माझं नशीब, सापडले तेव्हाही माझंच नशीब. ती कडी कुणाची होती ते शेवटपर्यंत कोणी बोललं नाही. तीन अर्ज फायलीत होते. अजूनही असतील.

म्हणून मला त्या शब्दाचा राग आहे. 'नियती' म्हणायला भारदस्त वाटतं, पण तो शब्द बहुतेक वेळा वरच्या माणसाच्या सोयीसाठी असतो. पूल कोसळला, नियती. मुलाचा फॉर्म गहाळ झाला, नियती. जिना पडला, बोट बुडाली, नियती. नियतीवर मेमो काढता येत नाही, तिची खातेनिहाय चौकशी होत नाही. त्यामुळे सगळी फाइल तिच्याकडे पाठवायची आणि आपण हात झटकायचे. आणि ज्याने तीन अर्ज दिले तो चार महिने खाली मान घालून बसलेला असतो. सभागृहात कडीचं नाव काढलं तर लोक हसतात, म्हणजे हा रोग किती मुरलाय बघा.

शेवटी जॉनी विमानतळावरून बाहेर येतो. टॅक्सी मिळत नाही. बरोबरची मुलगी म्हणते, पळ. तो पळत नाही. आता पळून तरी काय फरक पडणार, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो आणि दारातून पिस्तुलं घेऊन येणाऱ्या दोघांकडे बघत उभा राहतो. अभ्यासक म्हणाले, ही नियतीपुढची शरणागती. मला तसं वाटलं नाही. रोकड जुळत नाही आणि चूक आपलीच आहे, हे ज्याला कळलं त्या माणसाचा तो चेहरा होता. तो कुत्र्यावर ओरडला नाही, कारकुनाला शिव्या दिल्या नाहीत. साऱ्या सिनेमात मला जॉनीबद्दल आदर वाटला तो त्या एका क्षणी.

हे सगळं मी आमच्या हिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, भाजी निवडणं न थांबवता. मग म्हणाली, "छान लिहिलंय. आता एक करा. माळ्यावरची बॅग काढा."

मी म्हणालो, "कशाला?"

"तिची कडी तीन वर्षं लागत नाही. मी किती वेळा सांगितलं? तुम्ही प्रत्येक वेळी 'बघतो' म्हणालात."

स्टुलावर चढून मी बॅग काढली. गेल्या खेपेला कोकणात जाताना हिने तिला नाडी बांधली होती, ती तशीच होती. गाठ चांगली घट्ट होती, एवढं बघून ठेवलं. मग ती बॅग काखेत मारून मी भर दुपारी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्याने कडी खालीवर करून बघितली आणि म्हणाला, "साहेब, मंगळवारी या."

मी म्हटलं, "मंगळवारी नाही. मी इथेच उभा राहतो."